ट्रॉली कुठनं आली

३ जून
आणि आबा म्हणतो अक्कल मलाच नाही. चुलता असला म्हणून काय झालं. माझा थोरला भाऊ, दादा, रस्त्यावर मरून पडला तेव्हा पहिला तोच पोचला, फिर्याद त्यानंच दिली. "उसाची ट्रॉली मागनं धडकली, पळून गेली." दादानं कारखान्याच्या इलेक्शनला चेअरमनच्या विरुद्ध फॉर्म भरला होता, हे मात्र फौजदाराला सांगितलं नाही.

५ जून
पोकलेनचा पाईप फुटला. मिठाच्या ढिगाला टेकून बसलो, इथं कच्छात दुसरी सावली नाही. बसल्या बसल्या डोक्यात आलं. दादा गेला तेव्हा कारखान्याचं गाळप संपलेलं. ऊसतोडीच्या टोळ्या बीडला परत गेलेल्या. आमच्याकडं रस्त्यावर कुणी मेलं की तोंडातनं उसाची ट्रॉलीच निघते. आबा सवयीनं बोलला, फौजदारानं सवयीनं लिहिलं. बंद कारखान्याला ऊस कोण नेत होतं?

६ जून
आबाला फोन.
"ट्रॉली कुठनं आली आबा? कारखान्याची गव्हाण बंद होती, ऊस टाकायचा कुठं?"
म्हणतो, "तू तिकडं मीठ उपस. हितलं आमी बघतो."
"ट्रॉली बघितली का तुमी?"
"मोठ्या माणसाशी असं बोलत न्हाईत."
म्हणलं, तुमचं पोरगं कारखान्यात चिकटलं तवापास्नं लई मोठे झालात. ठेवला फोन त्यानं.

९ जून
इंदापूरच्या एका वकीलबाईंना विचारलं. म्हणाल्या, पोलिसांनी कोर्टात अ समरी टाकलीय. म्हणजे गुन्हा खरा, माणूस सापडत नाही, फाईल बंद. आबानं लिहून दिलंय, हरकत नाही. आता आई हरकत घेऊ शकते. पण तारखेला इंदापूरला स्वतः उभं राहायचं.

१० जून
आई आधी नकोच म्हणत होती. "एसटीला भावजींच्या दारावरनं जावं लागतं."
मग तिनंच दादाच्या दहाव्याचं काढलं. नीरेच्या काठाला कावळा शिवत नव्हता. लोकांनी काय काय कबूल केलं. शेवटी आबा पुढं झाला, "मारणाऱ्याला सोडत न्हाय." लगेच शिवला.
मी तिथंच होतो. ऐकलं होतं, पण आज कळलं. पोलिसाला सांगितली ट्रॉली, अन् कावळ्याला मारणारा.
आई म्हणाली, "कावळ्याला खोटं सांगून भागत न्हाय. मी कोर्टात हेच सांगते."

१२ जून
आबाचा फोन, आपणहून. आईनं त्याला तोंडावर सांगितलेलं दिसतंय.
"वैनीला कोर्टात उभी करू नगं. माझ्या पोराचं बघ जरा."
आवाज बसलेला. धमकी का विनवणी, काय की. म्हणलं, "दादा कुणाचं पोरगं होतं?" ठेवला नाही फोन त्यानं. शेवटी मीच ठेवला.

१४ जून
उद्या तारीख. आईला म्हणलं, मागच्या पांदीनं स्टँडवर जा. तर म्हणते, त्याच्या दारावरनंच जाणार. थांबणार. विचारणार, येता का भावजी, काय बघितलं ते सांगायला.
मला तर त्याचं तोंड बघू वाटत नाही.
आईचं अर्धं तिकीट, आबाचं पुरं. चहापाण्यासकट पाचशे पाठवतोय.