विंचेवरचे चार रंग

११ ऑगस्ट, सोमवार

मच्छीमार सोसायटीला शनिवारपर्यंत लेखी द्यायचंय — आमच्या होडीवर अंबादासची दोन बोटं चिरडली, चूक कोणाची? म्हणून लिहायला बसले. एरवी मला असले नाद नाहीत.

घडलं ते असं. पुनवेला नारळ वाहिला, काल पहिली फेरी. नांगर सोडताना विंच — साखळी गुंडाळायचं चाक — अडली. ब्रेक सैल केला तरी साखळी हलेना. अंबादासनं हातानं हिसका दिला — आणि ती एकदम सुटली! दहा वर्षं होडीवर मुरलेला खलाशी, साखळीत हात घालतो? इस्पितळात तोंडावर म्हटलं त्याला.

"वहिनी, चालत नव्हती हो साखळी," एवढंच म्हणाला.

सोसायटीचा चिटणीस चंद्रप्रकाश संध्याकाळी येऊन गेला. "खलाशाचा निष्काळजीपणा — दोन ओळी लिहा, मिटवा." तसं लिहिलं, तर वर्सोव्यात अंबादासला कोणी होडीवर घेणार नाही. यंत्रात खोट निघाली, तर होडी बंद. धाकटे दीर टपलेलेच आहेत — "सांगत होतो, बायकांचं काम नाही ते!" आणि हे चार वर्षं पलंगावर. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. विचारू कोणाला?

१२ ऑगस्ट

स्वतः बंदरावर गेले. साखळी सगळी बाहेर काढवली. पीळ नाही. ब्रेकचा पट्टा ठीक. मोटरचा क्लच सुटतो. तरी चाक हातानं फिरवलं की अडतं, जोर लावला की एकदम सुटतं. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, चाळीस वर्षं झाली. एक चाक कळत नाही!

१३ ऑगस्ट

दोन ओळी लिहिल्या. सही केली. पाकीट चिकटवलं.

१४ ऑगस्ट

यांनी पलंगाच्या लोखंडी कठड्याचा रंग पुन्हा उडवलाय. डाव्या हाताच्या नखानं खरवडत राहतात. नखं कापायला बसले, यांच्यावर ओरडलेही. आणि मध्येच थांबले — हे सुरू कधी झालं? यंदा पुनवेआधीचं रंगकाम उरकल्यावर यांना फोनवर विंचेचा फोटो दाखवला होता. "बघा, नवरीसारखी दिसतेय!" त्या दिवसापासून.

नेलकटर तिथंच टाकलं. पटाशी घेऊन बंदरावर. चाकाच्या आसाजवळ खरवडत गेले. लाल. खाली निळा. मग हिरवा, मग पिवळा — चार पुनवांचे चार रंग. त्याखाली पितळेचं निप्पल. ग्रीस भरायचं. हे दरवर्षी रंग वाळला की ते मोकळं करायचे, ग्रीस भरायचे. मी चार वर्षं नुसता रंग चढवला. आत आस कोरडाठाक, गंजलेला.

अंबादासनं विचारलं होतं की मागच्या साली! "वहिनी, हिला ग्रीस कुठनं भरायचं?"

"वरून चोपड! सगळं मीच सांगायचं का?"

१५ ऑगस्ट

डब्यात लाल रंग उरलाय. ब्रशचा एक फटका — कोणाला कळणार?

यांना कळेल. आज खरवडत नाहीत. नुसते माझ्याकडे बघतात. पाठ केली तरी कळतं, बघताहेत.

होडी गेली तर घर कशावर चालवू? पाकीट कपाटात आहे. दहादा कपाट उघडलं, दहादा लावलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

पाकीट फाडलं.

चंद्रप्रकाशच्या हाती दिलं: या वहीची आधीची सगळी पानं, फाडून. खाली सही. रंगाच्या खपल्यांची पुडी, एक.

"वहिनी, घरचं लिखाण आहे हे. परत न्या." नेलं नाही.

अंबादासला दिलं: त्याच पानांची झेरॉक्स. पोच — डावा अंगठा. सही उजव्या हातानं करायचा तो.