ताडी बंद झाली तर पाव कसा फुगणार

वसई, गुरुवार संध्याकाळ, नाताळ तोंडावर

आज पीठ फुगलंच नाही. सरकार दारूबंदीचा कायदा आणतंय, त्यात ताडीही जाणार म्हणतात. म्हणून मुंबईहून मागवलेलं खमीर पहिल्यांदा वापरून पाहिलं. पाव चपटे आणि कडक निघाले. सासऱ्यांच्या वेळेपासून आमचा पाव ताडीवरच फुगतोय. दुसरं काही आम्हाला येतच नाही.

दुपारी वकिलांकडे गेले. म्हटलं, "कायदा पिणाऱ्यांसाठी ना? माझं पीठ कधी झिंगून रस्त्यात पडलंय?" ते हसले. मला हसू आलं नाही. "मसुद्यात बेकरीला सूट दिसत नाही, अर्ज करून पाहा," म्हणाले. कोणाला करू? हे असते तर त्यांनी तरी काय केलं असतं?

परत आले तर आमचा भट्टीवाला सांतान ते न फुगलेलं पीठ अजून चाचपत उभा. माझ्या लग्नाआधीपासून तो इथेच आहे. म्हणाला, "बाय, खरं सांगा. मी दुसरीकडं काम बघू का?"

ओठावर आलं होतं की जाऊ नको, तू गेलास तर ही भट्टी मी एकटी पेटवू शकणार नाही. पण त्याच्या घरी लहान पोरं आहेत. कोणत्या तोंडाने थांबवू? शेवटी म्हणाले, "बघ."

खरं सांगायचं तर "नाय बाय, मी हितंच ऱ्हातो" असं तो म्हणेल, असं वाटलं होतं. त्याने हात धुतले, "बरं" म्हणाला आणि गेला.