शुक्राचं नाव मी ठेवलेलं नाही

सफी, कुंभारटेकडी,
शनिवार, दुपार

आदरणीय लल्ला तामू मावशी,

सफीहून तुमच्या भाचेसुनेचा, बतूलचा, सलाम आणि तुमच्या दोन्ही हातांना ओठ लावून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? एसौइराचा वारा हाडांत शिरतो, तेव्हा समुद्राकडची खिडकी उघडी ठेवून झोपत जाऊ नका. अर्गनचं तेल कोमट करून चोळता ना? अल्लाच्या कृपेने इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं विचाराल तर इकडे कोणीही मजेत नाही आणि याचा सगळा दोष या घरात माझ्या माथी मारला गेला आहे. तुम्ही न्यायी आहात, सगळं ऐका आणि मग काय ते ठरवा.

टेकडीखालच्या शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिथल्या नव्या मुख्याध्यापिका लुबाबाबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, अंगणातल्या भिंतीवर सूर्यमाला हवी, मातीच्या रंगवलेल्या बशांची; घडवायच्या तुमच्या नवऱ्याने आणि माहिती सांगायची तुम्ही. मी हो म्हटलं. (इथेच माझी जीभ झडायला हवी होती.)

तुमचा भाचा जिलाली हा सफीतला उत्तम कुंभार आहे, याबद्दल माझा वाद नाही. पण ग्रह म्हणजे जेवणाची भांडी नव्हेत, हे त्याला कोण सांगणार? त्याने आठही बशा एकाच साच्यातून काढल्या! मी म्हटलं, अहो, गुरू पृथ्वीच्या अकरापट रुंद असतो. पृथ्वी चहाच्या बशीएवढी केलीत तर गुरू आपल्या भट्टीच्या दारातून आत जायचा नाही. तर म्हणतो, "मग सूर्य केवढा?" मी म्हटलं, पृथ्वीच्या शंभरपटीहून जास्त. "मग तो काय बंदरात ठेवू? मासळीवाल्यांना विचारून ये." अशा माणसाबरोबर मी संसार केला आहे, मावशी. शेवटी गुरूला परात मिळाली, बुधाला ऑलिव्ह ठेवायची वाटी मिळाली आणि बाकीच्यांची मधेच कुठेतरी तडजोड झाली. मग रंग. मंगळ लाल असतो, कारण तिथल्या मातीत गंज आहे, हे चौथीतलं पोर सांगेल. तुमच्या भाच्याने तो निळा केला, नक्षीसकट. का? तर सफीची बशी निळी असते! शनीची कडी भट्टीतून तुकडे होऊन निघाली, ती तारेने बांधली आहे. (खऱ्या शनीची कडीसुद्धा बर्फाच्या आणि दगडांच्या तुकड्यांचीच असते, म्हणून तिथे मी गप्प बसले. चूक असेल तर चूक म्हणते, पण बरोबर असेल तिथे मी उगाच भांडत नाही.)

आता नणंदबाईंकडे येते. रंगकामात त्यांचा हात या टेकडीवर कोणाला नाही, हे मी शत्रूपुढेही मान्य करीन. पण आठ बशा रंगवून झाल्यावर त्यांनी नववी मागितली. त्यांचा नवरा, अल्ला त्याच्यावर दया करो, रेडिओवर ऐकून नऊ ग्रह म्हणून दाखवायचा म्हणे. मी समजावलं की वन्सं, प्लूटो आता ग्रहांत धरत नाहीत. तो फार लहान आहे, त्याच्या वाटेवर त्याच्यासारखे आणखी पुष्कळ आहेत, म्हणून विद्वानांनी बसून त्याला बटुग्रह ठरवलं. नणंदबाईंनी कुंचला खाली ठेवला. "लहान म्हणून घरातून काढला? आणि हे ठरवायला शिकलेली माणसं बसली होती?" मी म्हटलं, घरातून नाही काढला, तो फिरतोय अजून सूर्याभोवतीच. "मग जेवायला तरी बोलावता का त्याला?" सांगा, मावशी, याला विज्ञानाच्या कुठल्या पुस्तकात उत्तर आहे? त्यांनी बटणाएवढा प्लूटो केला आणि कोपऱ्यात चिकटवला. मी तो तिथे राहू दिला. माझी सहनशक्ती बघा.

मग उद्घाटन. अंगणात आयाबाया, पोरंबाळं, पुदिन्याचा चहा, बदामाच्या वड्या, सगळं यथासांग. नणंदबाई पहिल्या रांगेत, नवा केशरी कफ्तान घालून, कारण बशांचं कौतुक होणार होतं आणि व्हायलाच हवं होतं. मी कागद काढला आणि सूर्याकडून क्रमाने सुरुवात केली. बुध, सगळ्यांत लहान, सगळ्यांत चपळ, ठीक. दुसरा ग्रह शुक्र. आता शुक्राला आपल्या भाषेत झोहरा म्हणतात, याला मी काय करू? ते नाव मी ठेवलं? आणि तुमच्या बहिणीने पहिल्या लेकीचं, म्हणजे आमच्या नणंदबाईंचं, नाव झोहरा ठेवलं, तेव्हा मला विचारलं होतं? माझा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता!

मी सरळ वाचत गेले. "झोहरा लांबून फार देखणी दिसते, पण जवळ जाण्यात अर्थ नाही. बुध सूर्याच्या जास्त जवळ असूनही सगळ्यांत तापट आहे ती झोहरा." मागे कोणीतरी खाकरलं. "तिथे शिशाचासुद्धा रस होईल. तिच्याभोवती तेजाबाचे ढग आहेत." आता शेजारची हनिया तोंडात ओढणी कोंबून हलायला लागली. मी थांबायला हवं होतं, असं जो तो मला आता सांगतो. का थांबू? भूगोल थांबतो? "जवळजवळ सगळे ग्रह स्वतःभोवती एका दिशेने फिरतात, झोहरा उलट्या दिशेने फिरते." इथे हनिया फुटली. तिच्यामागे अख्खं अंगण फुटलं, लुबाबाबाईंच्या हातातला चहा सांडला, आणि तुमचा भाचा, सख्खा भाऊ, शनीकडे तोंड करून खांदे उडवत होता. मी शिक्षिका आहे, वर्ग हसला तर आवाज चढवायची मला सवय. "तिचा एक दिवस तिच्या वर्षाहून मोठा असतो!" (त्यावर तर टाळ्या पडल्या. नणंदबाई दुपारी एखादी गोष्ट सांगायला बसल्या की काय होतं, ते सगळ्या गल्लीला माहीत आहे.) आणि तोपर्यंत नणंदबाईही हसत होत्या, मावशी! मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मान हलवून, हात उडवून, बघून घेते तुला घरी गेल्यावर, अशा हसत होत्या.

मग मी पुढची ओळ वाचली. "पृथ्वीला एक चंद्र आहे, मंगळाला दोन, गुरू-शनीला तर कित्येक. झोहराला एकही नाही."

हे खरं आहे. बुधालाही नाही. मी बुधाचंही सांगणार होते.

कोणी हसलं नाही. नणंदबाई उठल्या. कफ्तान सारखा केला, भिंतीपाशी गेल्या, खिळ्यावरून शुक्राची बशी उतरवली, पदराआड धरावी तशी ओढणीआड धरली. मला म्हणाल्या, "सांगायचं होतं तर घरात सांगायचं होतंस, बतूल. भिंत कशाला लागली?" आणि गेल्या. संध्याकाळी आम्ही घरी पोचलो तर त्यांची पिशवी नव्हती आणि कुंचले धुऊन उलटे वाळत ठेवलेले होते.

आता मला सांगा, यात माझा अपराध कोणता? मी एक शब्द पदरचा घातला नाही. पण गल्लीत मला तोंड काढायची सोय नाही. भाकरी भाजून घ्यायला गल्लीतल्या भट्टीवाल्याकडे गेले तर तो विचारतो, "आज कोण कुठल्या दिशेने फिरतंय?" तुमचा भाचा माझ्याशी बोलत नाही, परवा "मीठ" म्हणाला, तेही मांजराकडे बघून. आई गेल्यावर ज्या बहिणीने त्याला वाढवलं, तिला मी भर अंगणात वांझ म्हटलं, असं त्याचं म्हणणं. मी असं म्हटलं? मी चंद्रांची संख्या सांगितली! शुक्रवारचा रव्याचा कुस्कुस नणंदबाई नाहीत म्हणून मी केला, तो चिखल झाला. त्याने मुकाट्याने खाल्ला, आणि मावशी, तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. शाळेत तर आणखी आनंद. भिंतीवर बुधानंतर एकदम पृथ्वी, मधे नुसता खिळा. लुबाबाबाई रोज निरोप धाडतात की तपासणीला साहेब यायचे आहेत, सूर्यमालेत एक ग्रह कमी चालणार नाही.

माझी बाजू मी मांडली. माझी चूक नाही, हे तुम्हाला पटलं असेलच. गुडघ्यांना जपा. वाऱ्यात बसू नका.

तुमची आज्ञाधारक भाचेसून,
बतूल

ता. क. शुक्राची बशी तुमच्याकडे आहे, हे मला कळलं आहे. एसौइराची बस कुंभारटेकडीवरूनच भरते, इथे काही लपत नाही. कृपा करून ती नीट गुंडाळून पाठवा.

ता. क. २. बशी नाजूक आहे, मातीचं काम बसमध्ये एकटं पाठवणं बरं नाही. जिने रंगवली तिनेच मांडीवर घेऊन आणावी. जिलाली थांब्यावर येईल. मीही येईन, पण ते आधी सांगू नका, नाहीतर त्या पुढच्या थांब्यावर उतरतील.

ता. क. ३. नणंदबाईंना वाचता येत नाही, तेव्हा हे पत्र तुम्हालाच मोठ्याने वाचून दाखवावं लागेल. कंसात लिहिलेलं तेवढं सोडा. "माझी चूक नाही" हेही सोडा. आणि त्यांना सांगा, त्या घाईने निघून गेल्या, म्हणून माझ्या भाषणातलं शेवटचं वाक्य ऐकायचं राहिलं. ते असं होतं: "सूर्य बुडाल्यावर बंदराकडे परतणाऱ्या होड्यांना आधी दिसते ती झोहरा, आणि अमावस्येला, जिथे एकही दिवा नसतो तिथे, नुसत्या तिच्या उजेडात माणसाची सावली पडते." यातही पदरचं काही नाही, कुठल्याही पुस्तकात बघून घ्या. (भाषणात हे नव्हतं. त्या गेल्यावर सुचलं. तुम्ही मात्र होतं म्हणून वाचा.)