परक्या दारातल्या चपला

अण्णा, तुम्हाला मी उभ्या आयुष्यात एक पत्र लिहिलं नाही. लग्न होऊन पुण्याला गेले तेव्हा घरात फोन आला होता, आणि फोनवर आपण दोघं पाऊसपाण्याचं बोलून ठेवून द्यायचो. तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं झाली. आज लिहायला बसले त्याचं कारण सांगताना थोडी लाजच वाटते. गेला महिनाभर मी सोलापुरात भाड्याचं घर शोधत फिरत होते, आणि लोकांच्या दारातल्या चपला बघत होते.

माझी बदली झाली. नवरा मे महिन्यात येईल, तोवर मी आणि लेक. ती नऊ वर्षांची आहे, तुम्ही तिला पाहिलंच नाही. पुण्यात आम्ही अकराव्या मजल्यावर राहायचो. सहा वर्षांत त्या इमारतीत तिला जाऊन बसायला एक घर मिळालं नाही. कुणाचा क्लास, कुणाचं दार बंद, कुणाची आई म्हणायची आधी फोन करून या. मागच्या वाढदिवसाला केक आम्ही तिघांनीच कापला. बदलीचं कळल्यावर तिने रडारड केली नाही, सामानाचं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "आई, तिथं तरी कुणी असेल का?" घर लहान असो, मोठं असो, मला त्याचं काही नव्हतं. मला या एका प्रश्नाचं उत्तर असलेली गल्ली हवी होती.

आणि गल्ली कशी आहे ते कोण खरं सांगणार? माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्याकडूनच तर आला. एजंट म्हणाला, पाण्याची काही चिंता नाही मॅडम. मी फाटकाआडची निळी बॅरलं बघितली आणि पुढे निघाले. आपल्या वेळी जिथं नुसता माळ होता, तिथं आता जुळे सोलापूर पसरलंय, मलाच रस्ते कळेनात. एक घरमालक फार गोड बोलला, चहा दिला, लेकीच्या गालाला हात लावला. इतकं गोड कोण कशाला बोलेल? मग म्हणाला, आमच्या बिल्डिंगमध्ये मुलांचा अजिबात आवाज नाही बरं का. वीस बिऱ्हाडं आणि आवाज नाही! जिन्यात प्रत्येक दाराबाहेर चपलांचं कपाट, आणि कपाटाला कुलूप. तिसऱ्या मजल्यावर मी वाकून फटीतून आत लहान मापाच्या चपला आहेत का ते बघतेय, एजंट माझ्याकडे बघतोय, आणि एकदम तुमची आठवण आली. कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या.

तुम्हाला वाटत असेल, पोरगी विसरली असेल. मी काही विसरले नाही. आई गेली त्याच वर्षी आपण वळसंग गाव सोडलं, तुम्हाला चादरीच्या कारखान्यात कारकुनी मिळाली आणि भवानी पेठेत आपण खोली घेतली. आठ दिवसांत गल्लीतल्या पोरांनी मला सांगून टाकलं, की तुझ्या बापाला शेजारच्या तेलुगू अम्मांनी दारात धरलं होतं, चपलांवर वाकलेला असताना. चप्पलचोराची पोरगी! हसून म्हणायची, खेळायलाही घ्यायची, पण मला ते लागायचं. त्याच दिवाळीला तुम्ही मला लाल पट्ट्याच्या सँडल आणल्या. खोक्यात नव्हत्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या. मी तळवे उलटेपालटे करून बघितले. तुम्ही म्हणालात, "घाल की. बग, बसत्यात का." बसल्या. महिन्याभरात त्या देवळाच्या दारातून गेल्या आणि मी अनवाणी घरी आले. तुम्ही माझ्या पायांकडे बघितलंत.

चौदाव्या वर्षी मी तोंडावर विचारलं. शाळा इतकी लांब असताना ही खोली का घेतली, आणि लोक म्हणतात ते खरं का? तुम्ही भाकरी मोडत होतात. "व्हय, बगत होतो चपला," म्हणालात आणि आमटी वाढून घेतलीत. एवढंच. माणसाने नाही तरी म्हणावं! तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं. खोली कारखान्यापासून दोन मिनिटांवर म्हणून घेतली, स्वतःच्या सोयीसाठी. आणि चपलांचं काय ते मी पुन्हा विचारणार नाही. नाही विचारलं. तुम्ही गेलात तरी नाही.

दोन आठवड्यांपूर्वी रविवारी लेकीला घेऊन पेठेत गेले. अम्मा अजून त्याच उंबऱ्यात बसतात. विड्या वळणं सुटलंय, बोटं वळत नाहीत, डोळ्यांनाही फारसं दिसत नाही, पण आवाजावरून मला ओळखलं. घर शोधतेय म्हटल्यावर हसल्या. बापासारखी वाकून बघतेस काय, म्हणाल्या. मग त्यांनी आपणहून सांगितलं. तुम्हाला धरलं त्या दुपारी अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. एक परका माणूस दारोदार थांबतोय, वाकतोय, मोजल्यासारखं करतोय. आपल्या दाराशी आला तसा त्यांनी दंड धरला आणि चोर म्हणून आरडाओरडा केला. माणसं जमली. तुम्ही हात सोडवून घेतला नाहीत. म्हणालात, "माज्या पोरीला आई न्हाय. ती कुणाच्या दारात शिरंल, ते बगत फिरतोय." अम्मांची स्वतःची पोरं दोन, आणि दारात लहान चपलांचे सात जोड होते. तुम्ही एवढ्यासाठी थांबला होतात. शेजारची खोली रिकामी आहे हे अम्मांनीच सांगितलं.

खोटं कशाला सांगू, तिथं बसल्याबसल्याही मला संशय आला. म्हातारी बाई, मला बरं वाटावं म्हणून रचून सांगत असेल. रिक्षा मिळेपर्यंत मी तेच घोळवत होते. मग रिक्षात आठवलं. आपण राहायला आलो तो दिवस. ट्रंक अजून रस्त्यावर आहे, मी आपल्या खोलीच्या दाराशी चपला काढतेय, आणि तुम्ही खेकसता, "हितं न्हाय. तितं काढ, अम्माच्या दारात. जा आत." मला वाटलं, आल्याआल्या बापाने मला दुसऱ्याच्या गळ्यात मारलं. पुढे पाच-सहा वर्षं मी त्याच दारात चपला काढल्या अण्णा. जेवले तिथं, माझी वेणी तिथं घातली गेली, तेलुगूतल्या शिव्या तिथं शिकले. आणि तुम्ही सोय बघितलीत असं मी लोकांना सांगत राहिले. मला फार वाईट वाटलं. रिक्षातच रडले, लेक घाबरली.

होटगी रोडच्या आतल्या बाजूला एका रांगेतली घरं आहेत. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तिथं गेले. चौथ्या दारात लहान चपला पडल्या होत्या, एकीचं तोंड एकीकडे, दुसरीचं भलतीकडेच. मी वाकले. खिडकीतून एका बाईने विचारलं, काय पाहिजे? मी एवढी शिकलेली, ऑफिसात दहा माणसं हाताखाली, आणि माझ्या तोंडून निघालं की पत्ता शोधतेय. तुम्ही चारचौघांत दंड धरलेला असताना खरं बोललात, मला एकट्या बाईसमोर जमलं नाही. घर मात्र त्याच रांगेतलं घेतलं.

राहायला येऊन आज पाचवा दिवस. संध्याकाळी ऑफिसातून आले तर लेकीच्या चपला आपल्या दारात नाहीत. आणि अण्णा, पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं असेल? गेल्या चोरीला! कुणी नेल्या म्हणून मी तावातावाने रांगेत बघत निघाले. चौथ्या दारात, त्या सगळ्या पसाऱ्यात, एक उलटी, एक सुलटी. आतून तिचा आवाज येत होता, कुणाला तरी मोठ्याने सांगत होती की आता माझी पाळी. मी तिला हाक मारली नाही. तिची उलटी चप्पल सुलटी केली आणि परत आले.

हे पाठवायला पत्ता कुठला? म्हणून एक राहिलंय ते इथंच लिहून टाकते. त्या लाल सँडल चोरीला गेल्या नव्हत्या. देवळाच्या पायरीवर मीच सोडून आले होते. मला वाटलं होतं, तुम्ही त्या कुणाच्या तरी दारातून उचलून आणल्यात.