हान्ना मॅडमची भाऊबीज

सरूअक्का, पाया पडतो. भाऊबीजेला आलो नाय म्हणून ‘गोऱ्या लोकांचा झालास’ हे अजून किती दिवस ऐकवशील?

ज्यांची गाडी मी चालवतो ते जर्मन साहेब दिवसभर चितेगावला कंपनीत असतात. हान्ना मॅडम बंगल्यात एकट्याच. शेजारणीचं बघून त्यांनी त्या दिवशी मला पाटावर बसवलं. ओवाळलं उलटं, कुंकू नाकावर! स्वतःच्या भावाची आठवण निघाली अन् हसता हसता रडल्या.

खरं सांगू? सुट्टी मी मागितलीच नव्हती. दिवाळीत शहरात गाडी फिरवायची हौस नडली. तू उपाशी वाट बघून शेवटी चंद्राला ओवाळलंस, हे आईनं सांगितलं. तवापासून घास उतरंना.

तुझा गुडघा कसाय? भाऊजी बोलतील ना माझ्याशी?

तुझाच,
गोकुळ

एवढ्यानं भागत नाय, ठाऊक हाय. तरी ओवाळणी धर, पाचशे एक रुपये.