दोघांच्या दातांवरची रेघ

प्रिय ताई,

टक टक, टकटक टक… शाळेतून आल्यावर तू दार असं वाजवायचीस, पाठ केलेल्या कवितेच्या चालीत, आणि ओळीचा शेवटचा ठोका मुद्दाम गाळायचीस. तो मी आतून द्यायचा, मगच कडी निघायची. उशीर झाला की बाहेरून तुझा ओरडा, “ठोंब्या, चरण पुरा कर!”

सकाळपासून तोच ठेका डोक्यात घुमतोय. चहा दोनदा गरम केला, दोनदा निवला. खिडकी उघडतो, लावतो, पुन्हा उघडतो. कामाच्या बाई वैतागल्या, “आजोबा, एका जागी बसा की, मला फरशी पुसू द्या!” पण बसवत नाही. भावोजी गेल्यावर तू एकटी, ही गेल्यावर मी एकटा, आणि आता तुझा लेक तुला विमानानं पार तिकडे घेऊन चाललाय. मी म्हटलं, इकडे ये, मागची खोली रिकामीच आहे. तर तू म्हणालीस, “म्हातारपणी भावाच्या दारात जाऊन बसू? लोक हसतील. नवरा-बायको एकत्र म्हातारी होतात रे, भावंडं नाही.” आणि फोन ठेवलास.

आता जरा हाडांचं ऐक. नाक मुरडशील, ठाऊक आहे. जन्मभर भाऊ जुन्या माणसांची हाडं मऊ ब्रशानं साफ करत बसला, म्हणून माझ्या हातचं पाणी घेण्याआधी तू विचारायचीस, हात धुतलेस ना रे? तर, आमच्या प्रयोगशाळेत एका प्राचीन वस्तीतले दोन सांगाडे होते, एकाच खड्ड्यात सापडलेले. कमरेच्या हाडांवरून एक बाई, एक पुरुष. झिजलेल्या दाढांवरून दोघंही उतारवयाची. बाईचा हात त्याच्या मानेखाली. आमच्या सरांनी पाहताक्षणी खोक्यावर लिहिलं, ‘जोडपं’. आम्ही माना डोलावल्या. पुढं त्यांच्यावर लेख झाले, भाषणं झाली, आणि मी, माझी खोड तुला माहीतच आहे, एक कविताही पाडली.

परवा माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. आता तीच तिथली प्रमुख आहे. कवटीत, कानाच्या आतलं जे टणक हाड असतं, त्याचा कण काढून त्यांनी डीएनएची नवी तपासणी केली. म्हणाली, “सर, बसलाय ना? ते नवरा-बायको नाहीत. सख्खी भावंडं आहेत.”

ताई, पुरावा तर आमच्या डोळ्यांसमोरच होता. लहानपणी उपासमार झाली, मोठं दुखणं आलं, की हिरडीच्या आत घडणारा दात तेवढ्यापुरता थांबतो आणि तिथं आडवी रेघ राहते, जन्मभर. दोघांच्या दातांवर तशी रेघ होती. तिची हिरडीजवळ, त्याची टोकाकडे, आणि दात घडत जातो टोकाकडून हिरडीकडे. म्हणजे वाईट वर्ष एकच. तेव्हा ती मोठी होती, तो धाकटा. आम्ही दोन्ही रेघा मोजल्या, पण शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. एकदा जोडपं म्हटल्यावर पाहतो कोण?

आपल्यालाही विषमज्वर एकदमच झाला होता, आठवतं? तू नुकती शाळेत जायला लागली होतीस. एकाच खाटेवर आपण उलटसुलट निजलेले. तापातही तू कविता म्हणायचीस आणि शेवटचा शब्द माझ्यासाठी ठेवायचीस. ती रेघ आपल्याही दातांवर असणार. तुझी कवळी आल्यानं निम्मा पुरावा बुडाला, ते सोड.

म्हणून लिहायला बसलो. फोनवर तुला द्यायचं उत्तर तेव्हा सुचलं नाही, ते आता सापडलंय. भावंडंही एकत्र म्हातारी होतात, ताई. फार पूर्वीपासून होत आलीयत. आणि त्या दोघांना जे कुणी हसले असतील, त्यांचं हाडूकसुद्धा आम्हाला सापडलेलं नाही. मागच्या खोलीत सकाळचं ऊन येतं. लेकाला समजावून सांग, आणि ये.

थांब, दारावर कुणीतरी आहे. या वेळेला कोण? बाईंकडे तर किल्ली असते.

टक टक, टकटक टक…

बाहेर सगळं थांबलंय. शेवटचा ठोका माझ्याकडे आहे.

तुझाच, दाराकडे धावलेला
ठोंब्या