तिथं गेल्यावर बोलू

३ जून, भिवंडी
बॅग भरून झाली. पोराने, भावेशने, तिकिटं काढली ती काढली, पण हे लगेच "चल" म्हणाले कसे, तेच कळेना. ग्रीस! समुद्राकाठचं कुठलंसं गाव. दिवाळीपासून माझ्या निम्म्या वाक्यांना उत्तर नाही आणि आता आठवडाभर परदेशात दोघंच.

बॅग उघडी ठेवून समोर बसले आणि विचारलंच, हे काय नवीन खूळ? तर म्हणाले, "तिथं गेल्यावर बोलू. निवांत."

काय बोलणार? यंत्रमागाचा कारखाना बंद केल्यापासून हे निम्मे दिवस दापोड्याला, धाकट्या भावाकडे. परवा दामूभाऊजी बोलून गेले, "दादाला हितं बरं वाटतंय, वहिनी. ऱ्हाऊ दे." म्हणजे ठरलंय यांचं. वेगळं राहायचं म्हणणार. आणि ते सांगायला समुद्र पाहिजे.

५ जून
पोचलो. गाव एवढंसं, आमच्याकडच्या शेलार गावापेक्षाही लहान. पांढरी घरं, खाली होड्या, वर डोंगरावर दगडी बुरूज. घरमालकीण माझ्याच वयाची, नाव स्ताव्रूला. ती मोबाईलशी बोलते, मोबाईल मला हिंदीत सांगतो. पूर्वी समुद्रावरून लुटारू यायचे म्हणे. बुरुजावरची घंटा वाजली की अख्खं गाव पोरंबाळं घेऊन डोंगरात पळायचं.

इथली शांतता सोसत नाही. जन्म लूमच्या खडखडाटात गेला. आमच्या गल्लीत आवाज बंद पडला की माणसं दचकून उठतात — वीज गेली! इथे सगळंच बंद.

आतून यांना विचारलं, चहा ठेवू का? गॅलरीत पाठमोरे बसलेले. हूं नाही की चूं नाही. मग ठेवलाच नाही.

६ जून
आजही नाही बोलले.

७ जून
सकाळी किनाऱ्याकडे पायवाटेने उतरलो. बकऱ्या, ऑलिव्हची वाकडी झाडं. एक रानटी झुडूप सगळीकडे, पाला चुरगळला की थेट ओव्याचा वास. पाणी असं की तळाचे मासे मोजावेत. पाय बुडवून बसले तर बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात हे माझ्याकडे वळले. तोंड उघडलं, मिटलं. मीच उठून चपला शोधू लागले. भित्री आहे मी. ऐकून घ्यायची हिंमत नाही.

दुपारी मी स्ताव्रूलाशी खाणाखुणा करत हसत होते, तर हे म्हणाले, "हिच्याशी बरं सुचतं तुला बोलायला." टोमणा! लूम विकले तेव्हा मी म्हटलं होतं, गेली एकदाची कटकट. तेच मनात धरून बसलेत. तीस वर्षांचा संसार आणि राग मात्र त्या लोखंडावरून.

८ जून
बुरुजावर चढलो. घंटा अजून आहे, रोज दुपारी बाराला वाजवतात. आम्ही नेमके तिच्या खाली. अशी वाजली की मी कान दाबून मटकन खालीच बसले. दातसुद्धा हलले.

हे कठड्याला टेकून समुद्र बघत होते. मान वळली नाही. पारवे फडफडत उडाले तेव्हा वर पाहिलं, मग मी खाली बसलेली दिसले आणि धावत आले. "चक्कर आली काय गो?"

मी एकदा यांच्याकडे बघितलं, एकदा वर घंटेकडे.

९ जून
खात्री करून घेतली. हे ओट्यावर बसून जर्दाळू खात होते, ओले, ताजे. मी मागे उभी राहिले. "अहो." नाही. "अहो, ऐकलंत का?" नाही. मग म्हटलं, "तुमचा दामू एक नंबरचा येडा हाय." भावाबद्दल एवढं ऐकून घेणारे हे नव्हेत. बी थुंकली, दुसरं जर्दाळू उचललं.

आत जाऊन रडले. कारखान्यात कानाने बोलतो कोण? हातवारे करायचे, ओठ बघायचे. डबा घेऊन जायचे तेव्हा मीही हातानेच सांगायचे, जेवा. गल्लीतही सगळे ओरडूनच बोलणार. यांचे कान कधी गेले कुणाला पत्ताच नाही, बहुतेक यांनाही नाही. दामूभाऊजींचा आवाज म्हणजे भोंगा, तिथे बरं वाटणारच. आणि मी बोलते ती शेगडीकडे तोंड करून, नाहीतर दिवा घालवल्यावर.

पण मग ते "बोलू" काय? ते राहिलंच. वेगळं राहायचं मनात असेल तर कानांचं कळून काय फायदा?

१० जून
समोर जाऊन बसले. हनुवटी धरून तोंड माझ्याकडे केलं आणि सावकाश म्हटलं, "काय बोलायचंय ते बोला. मी ऐकते."

माझ्या ओठांकडे बघत राहिले. डोळे भरले यांचे.

"दिवाळीपासून तू माझ्याशी बोलत न्हायस," म्हणाले. "म्हणून आणलं तुला हितं. विचारायला. माझं काय चुकलं?"